साहेब कुणाच्या पायाशी

पॅन्टची लांबी नीट घ्यायची तर गिऱ्हाइकाला स्टुलावर उभं करावं लागतं, आणि माणूस स्टुलावर चढला की त्याला बोलायची हुक्की येते. टेलरबाईंचा हा वर्षानुवर्षांचा अनुभव होता. त्या जमिनीवर गुडघे टेकून, ओठांत टाचण्या धरून खालची घडी बसवत असायच्या आणि वर उभा असलेला इसम सुनेपासून सरकारपर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढत असायचा. तोंडात टाचण्या असल्यामुळे बाईंना 'हं'पलीकडे काही म्हणता यायचं नाही. तेवढ्या 'हं'वर त्यांनी गल्लीभर समजूतदार म्हणून नाव कमावलं होतं. प्रत्यक्षात त्या मुळीच समजूतदार नव्हत्या. जगावर त्यांचा दात होता.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराला लागून कापडं कापायचं लांब टेबल, टेबलाच्या टोकाला लोखंडी पायांचं जुनं शिलाई मशीन, आणि कोपऱ्यात पडदा ओढून केलेली कपडे बदलायची जागा. मागे स्वयंपाकघर, त्यातून पुढे कपडे वाळत घालायचं छोटंसं अंगण. इस्त्रीचा आणि नव्या कापडाचा वास घरात कायम भरून असायचा.

घरात त्या आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे मासोळी म्हणत. हे नाव तिच्या मावशीने ठेवलेलं, कारण पाण्याची भीती वाटायच्या वयात ही पोरगी सरळ खोल पाण्यात उडी मारून मोकळी झाली होती. शाळेत पोहण्याच्या शर्यतीत तिच्या जवळपास कोणी यायचं नाही. मग तिला पहिली फिट आली, भर वर्गात. दुसरी घरी, जेवताना. ती तिच्या वडिलांनी पाहिली. तिसरीची त्यांनी वाट पाहिली नाही. दुसऱ्या गावी जाऊन दुसरा संसार थाटला.

आता मासोळी मोठी झाली होती आणि गावच्या तलावावर, म्हणजे पोहण्याच्या त्या बांधीव तलावावर, टॉवेल देण्याच्या खिडकीत बसत होती. पाणी समोर, पण त्यात पाय बुडवायची बंदी. तलावाचे व्यवस्थापक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "वर्षभर एकही फिट आली नाही असं डॉक्टर म्हणू देत. दुसऱ्या दिवशी तुला लहान मुलांना शिकवायला पाण्यात उतरवतो." त्या एका वर्षावर मायलेकी जगत होत्या. सहा-सात महिने सरळ जायचे, आशा वाटायला लागायची, आणि मग फिट येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. टेलरबाईंना कधीकधी वाटायचं की अख्खं आयुष्य आपण एकच कपडा उसवून शिवतोय.

साहेब त्यांच्याकडे आला तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून. काही कुत्र्यांना फिट यायच्या आधीच कळतं, म्हणाले. गावाबाहेर एक बाई अशी कुत्री तयार करायची. तिने बराच काळ ताटकळत ठेवलं आणि एक दिवस स्वतः येऊन मातकट रंगाचा, मध्यम चणीचा, जराही न भुंकणारा कुत्रा त्यांच्या दुकानात सोडला.

"तो येऊन तिच्या पायावर हनुवटी टेकवेल," ती म्हणाली. "की समजायचं, येतेय. तिला तिथल्या तिथे आडवं करा. तिथल्या तिथे, बरं का. इकडेतिकडे हलवू नका."

"पडली तर लागेल म्हणून ना?" टेलरबाईंनी विचारलं.

त्या बाईने पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. मग ती निघाली.

नाव मासोळीने ठेवलं. कुत्रा आल्या आल्या घरभर फिरला, प्रत्येक कोपऱ्यापाशी थांबून मान किंचित हलवत पुढे गेला, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखा. "आले बघ साहेब," ती म्हणाली, आणि तेच चिकटलं.

साहेब चुकला नाही. दुकानाच्या कोपऱ्यातल्या गोणपाटावरून उठायचा, शांतपणे चालत यायचा, मासोळीच्या पायावर हनुवटी ठेवायचा आणि लांब श्वास सोडायचा. मग जमिनीवर गादी अंथरायची, तिला कुशीवर निजवायचं, कात्र्या-टाचण्या उचलायच्या. थोड्या वेळाने फिट यायची. यायची आणि जायची. पूर्वीसारखी कपाळाला खोक नाही, ओठ फाटणं नाही. टेलरबाईंना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना त्या हनुवटीचा राग यायचा. आत्तापर्यंत फिट यायची तेव्हा ती अचानक यायची. आता ती कळवून, वर्दी देऊन यायला लागली होती, आणि त्यांना आदबीने तिच्यासाठी गादी घालावी लागत होती.

त्या दिवशी स्टुलावर निवृत्त मास्तर उभे होते. अर्धं वर्ष सरळ गेलं होतं. मासोळीची सुट्टी होती, ती खिडकीजवळ बसून शर्टाला बटणं लावत होती. मास्तर हल्लीच्या मुलांच्या अक्षराबद्दल बोलत होते. एक पाय झाला होता, दुसऱ्याला टाचण्या लावत होत्या बाई, तेवढ्यात साहेब उठला.

बाईंनी त्याला जाताना पाहिलं. हनुवटी टेकवताना पाहिलं. मासोळीने हातातली सुई शर्टात खोचली आणि आईकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, नुसता कंटाळा होता. तो बाईंना सहन झाला नाही.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "आज मुळीच नाही." त्यांनी उठून मुलीचं मनगट धरलं. "मास्तर, हलू नका हं, टाचण्या टोचतील. आलेच मी."

"आई, गादी..."

"चल म्हणते ना!"

अंगणात ओल्या चादरी वाळत होत्या. त्यांच्या मधोमध त्यांनी मुलीला उभी केली, दोन्ही दंड घट्ट धरले, जसं काही धरून ठेवल्याने फिट आत शिरायची थांबणार होती. मासोळीने डोळे मिटले. दोघी वाट बघत राहिल्या. चादरी हलत होत्या. मुलीला काही झालं नाही.

मग आतून धप्प आवाज आला.

मास्तर जमिनीवर होते. पाठ कमानीसारखी उचललेली, टाचा फरशीवर आपटत होत्या, अर्धवट टाचलेल्या पायातल्या टाचण्या पोटरीत घुसल्या होत्या. साहेब त्यांच्या पायाशी बसला होता. हनुवटी त्यांच्या बुटावर.

मास्तरांना आयुष्यात कधी फिट आली नव्हती. परत कधी आलीही नाही. डॉक्टर म्हणाले वय झालं, उपाशीपोटी उभे राहिले असतील. मास्तर स्वतः लाजून चूर झाले होते. "तुमचा कुत्रा मात्र लाघवी आहे हो," जाताना म्हणाले. "मी पडायच्या आधी मला जवळ करायला आला."

योगायोग, असं टेलरबाईंनी स्वतःला बजावलं. पण मनात एक गोष्ट बसली ती बसलीच. पुढल्या खेपेला साहेब उठला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मुलीला अंगणात नेलं नाही, सरळ रस्त्यावर काढलं, बसथांब्यापर्यंत घेऊन गेल्या. कुत्रा मागे रिकाम्या खोलीत. बसथांब्यावर मासोळी काहीतरी हसून बोलत होती, आणि बोलता बोलता कोसळली. भुवई फुटली. वर्ष परत पहिल्यापासून.

त्या संध्याकाळी त्यांनी कुत्रेवाल्या बाईला फोन लावला. मास्तरांचं सांगितलं, बसथांब्याचं सांगितलं.

"मास्तर पडले तेव्हा खोलीत आणखी कोणी होतं?"

"नाही. मास्तर आणि कुत्रा."

"कुत्रा परत आणून द्या."

"का? कुत्र्यामुळे होतंय हे?"

"नाही. तो फक्त सांगतो," ती बाई म्हणाली. "पण तुम्हाला आता कळलंय. कळल्यावर त्याला घरात ठेवू नये." मग म्हणाली, "मी गावाबाहेर एकटी राहते ना, ते हौस म्हणून नाही."

टेलरबाईंनी फोन ठेवला. कुत्रा परत दिला नाही.

त्यांना खरंच कळलं होतं, आणि कळलं ते त्यांच्या धंद्याच्या भाषेत. एकाच्या मापाचा कपडा उसवून दुसऱ्याच्या अंगाला बसवायचा, हेच तर त्या जन्मभर करत आल्या होत्या. साहेबाने वर्दी दिली की येणारं येणार. ते काही टळत नाही. मुलीला खोलीबाहेर काढलं आणि आत दुसरं कोणी असलं, तर ते त्याच्या अंगाला बसतं. आत कोणीच नसलं, तर ते मुलीला शोधत जातं, मग ती कितीही लांब असो. अंगाला बसेल असं कोणीतरी आत हवं. बस्स, एवढंच.

पहिल्यांदा मुद्दाम केलं तेव्हा त्यांच्या हातून टाचण्या सांडल्या. दुसऱ्यांदा कमी. आणि खोटं कशाला, माणूस निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो मन लावून निवडला. प्रत्येक वेळी 'टीप वाकडी आहे' म्हणून कपडा परत करणारी एक बाई होती. मासोळीकडे बघून "असल्या मुलींचं पुढे कठीणच असतं" म्हणणारा एक विमा विकणारा होता. एक शेजारीण होती, जिने मुलाच्या वाढदिवसाला सगळी गल्ली बोलावली आणि ह्या दोघींना तेवढं वगळलं. स्टुलावर उभं करायचं, टाचण्या लावायच्या, आणि साहेब उठला की "हलू नका हं, आलेच." टाचण्या लावलेला माणूस जागचा हलत नाही. टेलरबाईंच्या दुकानात हे शिकवावं लागत नसे.

सगळे बरे होऊन घरी गेले. एकाचा दात पडला. बाई त्यांना पाणी द्यायच्या, डॉक्टर बोलवायच्या, आणि त्या दिवशीची शिलाई घ्यायच्या नाहीत. एवढी माणुसकी त्यांच्यात शिल्लक होती.

आपणच का बसू नये आत? हे त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही. त्यावर त्यांच्याकडे उत्तरं तयार असत. मशीनवर बसणारं माणूस पडलं तर घर कोण चालवणार, मुलीकडे कोण बघणार, वगैरे. सगळी उत्तरं चोख होती आणि एकही खरं नव्हतं. खरं एवढंच की त्यांना भीती वाटायची. मुलीचे डोळे वर जाताना त्यांनी इतक्यांदा पाहिले होते की आपले डोळे तसे जाताना कसं वाटेल ही कल्पनाही त्यांना नको वाटायची.

दरम्यान खुणा वाढल्या. पूर्वी महिनोन्महिने साहेब गोणपाटावरून उठायचा नाही. आता महिन्यातून दोनदा उठायला लागला. आणखी एक गोष्ट बाईंच्या लक्षात आली, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. मासोळीच्या पायावर हनुवटी टेकवल्यावर साहेब आता डोळे मिटून श्वास सोडत नव्हता. तो मान जराशी उचलून टेलरबाईंकडे बघायचा. नोकराने मालकिणीकडे बघावं तसा. कोण, असं विचारल्यासारखा.

एकदा भाजी चिरता चिरता मासोळी म्हणाली, "आई, त्या लोकांना होतं ते माझं असतं का?"

"तुझं कसं असेल? उन्हातून चालत येतात, आल्या आल्या स्टुलावर चढतात. चक्कर येणारच."

"साहेब त्यांच्या पायाशी असतो."

"कुत्रा आहे तो. बसतो कुणाच्याही पायाशी."

मासोळीने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली. "आता वर्षाला थोडेच महिने उरलेत," एवढंच म्हणाली. तिने आणखी काही विचारलं नाही. आणि पुढच्या वेळी आईने "चल" म्हणताच ती मनगट धरायची वाट न बघता स्वतःहून उठली.

पण गल्लीला डोळे असतात. टेलरबाईंच्या दुकानात लोकांना भोवळ येते, अशी कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे इस्त्रीची वाफ, कोणी म्हणे गटाराचा वास. कोणाला काही कळलं नाही, पण पावलं दुसऱ्या शिंप्याकडे वळली. दिवसाला एखाददुसरं गिऱ्हाईक, तेही कपडा टेबलावर टाकून दारातूनच जायचं. स्टूल भिंतीशी पडून राहिलं.

येत राहिली ती एकच व्यक्ती, मासोळीची मावशी. टेलरबाईंची धाकटी बहीण. ती दुपारी काज करायला यायची. तिच्या हातचं काज म्हणजे बघत राहावं, आणि तिचं तोंड मशीनपेक्षा वेगाने चालायचं. मासोळीला पाण्यावर तरंगायला तिनेच शिकवलं होतं, पाठीखाली तळहात धरून म्हणायची, "मी आहे ना. सोड अंग." गल्लीतली कुजबुज तिच्याही कानावर आली होती. "मला आली भोवळ तर त्या निमित्ताने निजेन तरी दुपारची," म्हणून ती हसली होती.

त्या दुपारी तिघी दुकानात होत्या. मावशी मशीनजवळच्या उंच खुर्चीत बसून एका कोटाची काजं करत होती. मासोळी टेबलावर कापड सरळ करत होती. साहेब उठला.

टेलरबाईंनी पहिल्यांदा काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी परत पाहिलं. समोरच्या फुटपाथवरून एक माणूस छत्री घेऊन चालला होता. त्याला हाक मारायला त्यांनी दार उघडलं, तोवर तो कोपऱ्यावर वळला होता.

साहेबाची हनुवटी मासोळीच्या पायावर होती. डोळे टेलरबाईंवर.

"ताई, कुणाला बघतेस?" मावशीने वर न बघता विचारलं.

"कुणाला नाही." बाईंनी दार लावून घेतलं. वर्षाला अगदी थोडे दिवस उरले होते. "आम्ही जरा मागचे कपडे काढून आणतो. तू बस."

"जा गं. मी बसलेय."

अंगणात मासोळी दोरीपाशी उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "आत मावशी आहे."

"माहीत आहे मला."

मासोळीने दाराकडे पाहिलं. चार पावलांवर दार होतं. मग तिने दोरीवरचा एक टॉवेल काढला आणि त्याची घडी घातली. मग दुसरा काढला.

खुर्ची पडल्याचा आवाज आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जड आणि लहानसा. तो मशीनच्या लोखंडी पायाचा होता.

मावशी शुद्धीवर आलीच नाही. चार दिवस दवाखान्यात होती आणि गेली. कोटाचं एक काज अर्धं राहिलं होतं. टेलरबाईंनी ते पूर्ण करून कोट गिऱ्हाइकाला दिला. लोक भेटायला आले, डोळे पुसून गेले. टेलरबाई रडल्या, खऱ्या रडल्या, आणि रडतानाच त्यांच्या मनात आलं की वर्ष मोडलं नाही. हे मनात आलं म्हणून त्यांनी स्वतःला शिव्या घातल्या. तरी ते मनात आलंच होतं.

मासोळी आईसमोर रडली नाही. तिने भांडण केलं नाही, जाब विचारला नाही. वेळेवर जेवायची, वेळेवर कामाला जायची, आल्यावर साहेबाच्या डोक्यावरून हात फिरवत बसायची. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीत दिवा असायचा. विचारलं तर "काही नाही, शिवतेय" म्हणायची. मुलगी आपणहून सुई हातात घेतेय ह्याचंच बाईंना समाधान वाटलं. एकदा वर्ष भरलं की साहेबाला परत देऊन टाकायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. मग सगळं मिटेल. ह्या खेपेला खरंच मिटेल.

वर्ष भरलं. डॉक्टरांनी होकार दिला. व्यवस्थापकांनी शब्द पाळला, मासोळीच्या गळ्यात शिट्टी घातली आणि सोमवारी सकाळी लहान मुलांच्या वर्गाला यायला सांगितलं. रविवारभर टेलरबाई हवेत होत्या. खूप दिवसांनी त्यांना कशाबद्दल तरी आनंद झाला होता, आणि आनंद कसा करतात हे विसरल्यामुळे त्या घरभर झाडत सुटल्या.

सोमवारी मासोळी पिशवी भरून दुकानात आली. पोहण्याचा पोशाख, टोपी, टॉवेल. बुटाची नाडी बांधायला ती मशीनजवळच्या खुर्चीत बसली.

साहेब गोणपाटावरून उठला.

टेलरबाईंच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. साहेब चालत आला. हनुवटी टेकवली.

"आज जाऊ नकोस," बाई म्हणाल्या.

मासोळीने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. "मुलं वाट बघत असतील."

"पाण्यात असताना आली तर? अगं, पाण्यात! मुलं असतील बाजूला. तू थांब. थांब जरा, ती कोटाच्या बाहीवाली बाई येणार आहे सकाळी. येईलच ती. ती आली की मग जा."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. आजवर हे दोघींत कधी तोंडाने बोललं गेलं नव्हतं.

मासोळीने आईकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाई राग शोधत होत्या. राग असता तर त्यांना काहीतरी म्हणता आलं असतं.

"पाण्यात नाही येणार," ती म्हणाली. "तू आहेस ना इथे."

तिने हनुवटीखालून पाय हळूच काढून घेतला. साहेबाने मान उचलली. टेलरबाई सवयीने त्याच्या नजरेची वाट बघत राहिल्या, पण त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याने मासोळीकडे बघितलं.

मासोळीने आईकडे बघितलं.

साहेब उठला.

"बाळ," टेलरबाई म्हणाल्या.

"इस्त्री बंद कर, आई. भाजेल." पिशवी खांद्याला अडकवून ती बाहेर पडली. दार ओढून घेतल्यावर क्षणभर पाठमोरी, दोन्ही हात मागे घेऊन दारापाशी थांबली, मग सरळ चालत गेली.

बाईंनी इस्त्री बंद केली. डोकं वेगाने चालत होतं. आत्ता उठून बाहेर पडलं तर खोली रिकामी. रिकामी खोली म्हणजे ते तिला शोधत जाणार. ती पाण्यात असेल. छातीभर पाण्यात, दोन्ही हातांवर कुणाचं तरी पोर तरंगत असेल. नाही. बाहेर पडता येत नव्हतं. कोणीतरी आत यायला हवं होतं. बाहीवाली बाई. ती वेळेची पक्की होती.

साहेब त्यांच्या पायाशी आला. हनुवटी जड होती, आणि कापडातूनही उबदार लागत होती. त्याने लांब श्वास सोडला.

त्या हलल्या नाहीत. कान रस्त्याकडे लावून उभ्या राहिल्या.

पावलं वाजली.

बायकी चपलेच्या टाचांचा आवाज. दुकानाच्या दिशेनेच. टेलरबाईंनी हात पुढे करून स्टूल ओढलं. ओठांत टाचण्या घेतल्या. चेहरा समजूतदार केला.

पावलं दारापाशी आली. थांबली.

"या ना!" टाचण्यांतून त्या ओरडल्या.

पावलं परत फिरली आणि लांब गेली.

तेव्हा त्यांनी काचेकडे पाहिलं. दाराला बाहेरून पाटी अडकवलेली होती, दुकान बंद असल्यावर अडकवतात तशी. अशी पाटी त्यांच्याकडे कधीच नव्हती. आतून तिची कोरी पाठ दिसत होती, शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची.

त्यांची जीभ जड व्हायला लागली होती. टाचण्या एकेक करून खाली पडल्या. नजर मात्र अजून शाबूत होती, आणि ती शिंपिणीची नजर होती. पुठ्ठ्याच्या चारी कडांना कापडाची पट्टी शिवलेली होती, हाताने, बारीक टाक्यांत, कोपरे दुमडून. एवढं काम एका बैठकीत होत नाही. त्याला बऱ्याच रात्री लागतात.